परिषदेतला न्याय बांधावर आणा

(जिल्हा बैठकीतील भाषणाचा मजकूर)



कांदा, कापूस आणि वीजबिल सोडून आज हा हवामानाचा विषय कशाला, असे काहींच्या मनात आले असेल. देशोदेशीच्या परिषदा आणि सूर्याची वीज यांचा आपल्याशी संबंध काय? संबंध आहे, आणि तो सात-बारापर्यंत येऊन पोचला आहे. जिल्ह्यातल्या कितीतरी गावांत सौर प्रकल्पासाठी जमीन भाड्याने मागणारी माणसे फिरत आहेत. करार पंचवीस-तीस वर्षांचे आहेत. सही-अंगठा करण्यापूर्वी हा व्यवहार सुरू कोठून झाला ते समजून घेऊ.

आभाळ कोणी तापवले?

शेतकी कॉलेजात आम्ही शिकलो की गव्हाचा दाणा भरताना थंडी लागते. त्या दिवसांत ऊन वाढले की दाणा बारीक पडतो. मार्च २०२२ मध्ये तेच झाले. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला तो सर्वांत तापलेला मार्च होता. उत्तरेत गव्हाचा उतारा घटला. युक्रेनच्या युद्धामुळे जगात गव्हाला भाव आला होता; तेवढ्यात १३ मे २०२२ रोजी सरकारने निर्यात बंद केली. आभाळाने दाणा खाल्ला, दिल्लीने भाव खाल्ला. अस्मानी आणि सुलतानी एकाच हंगामात आली.

अस्मानी म्हणजे देवाची करणी, असे वाडवडील म्हणत. आता तिच्यात माणसाची करणी मिसळली आहे. कोळसा, तेल आणि वायू जाळून निघालेला कार्बन डायऑक्साइड हवेत साठत जातो. आजवर जगाने असे इंधन जाळून जेवढा हा वायू सोडला, त्यात जवळजवळ चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा हिस्सा ४ टक्क्यांच्या आसपास. आजही अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४ टन निघतो, भारतात सुमारे २ टन. आणि या २ टनांत शहरातल्या गारेगार बंगल्याचे किती आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराचे किती, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही.

परिषदांचा हिशेब

१९९२ साली रिओत जगातले देश जमले. जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही, हे तत्त्व तिथे लिहून झाले. १९९७ मध्ये क्योटोत श्रीमंत देशांवर बंधने घातली. अमेरिकेने त्या करारावर सही केली, पण तो मंजूर काही केला नाही. २०१५ मध्ये पॅरिसला ठरले की ज्याने त्याने आपले उद्दिष्ट आपणच ठरवावे. त्या करारातून अमेरिका २०२० मध्ये बाहेर पडली, २०२१ मध्ये परत आली आणि जानेवारी २०२६ मध्ये पुन्हा बाहेर गेली. आधीच्या नोव्हेंबरात ब्राझीलमधल्या बेलेमला तिसावी परिषद झाली, तिला तिने अधिकृत शिष्टमंडळच पाठवले नाही. गावच्या सोसायटीत सर्वांत मोठा थकबाकीदारच दर निवडणुकीनंतर सभासदत्व सोडू आणि घेऊ लागला, तर वसुली व्हायची कशी?

पैशाचेही तसेच. २००९ साली कोपनहेगनला श्रीमंत देशांनी कबूल केले की २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला २०२२ उजाडले, आणि त्यातल्या सरकारी पैशाचा दोन-तृतीयांशाहून मोठा भाग कर्जाचा निघाला. शेजाऱ्याच्या बैलाने आपले उभे पीक खाल्ले. भरपाई मागायला गेलो तर तो म्हणतो, व्याजाने पैसे देतो, घेऊन जा. २०२४ मध्ये बाकूला गरीब देशांची मागणी वर्षाला १३०० अब्ज डॉलरची होती. कबूल झाले ३०० अब्ज, तेही २०३५ पर्यंत. भारताच्या प्रतिनिधीने तिथेच उठून हा आकडा अमान्य असल्याचे सांगितले. योग्यच केले.

आणखी एक गोष्ट आपल्या गोठ्याची. २०२१ मध्ये ग्लासगोच्या परिषदेत अनेक देशांनी मिथेन वायू २०३० पर्यंत ३० टक्के कमी करण्याची शपथ घेतली. भारत तिच्यात सामील झाला नाही. आमच्याकडचा मिथेन दोन म्हशींच्या रवंथातला आणि भाताच्या खाचरातला, तो पोटासाठीचा आहे, ही आपली बाजू. न्यूझीलंडच्या सरकारने २०२२ मध्ये गाईच्या ढेकरावर पैसे आकारण्याची योजना आणली, तेव्हा तिथले शेतकरी ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर आले. २०२४ मध्ये नव्या सरकारने ती गुंडाळली. शेतकरी बोलला नाही की त्याचा गोठा आधी मोजला जातो आणि मोटारी मागाहून.

त्याच ग्लासगोत भारताने शब्द दिला, की २०३० पर्यंत कोळसा-तेल-वायूवाचून चालणारी ५ लाख मेगावॉट वीजक्षमता उभारू आणि २०७० पर्यंत निव्वळ उत्सर्जन शून्यावर आणू. काम जोरात आहे. २०२५ मध्ये देशातली निम्मी वीजक्षमता अशी झाली, ठरल्यापेक्षा पाच वर्षे आधी. पण क्षमता वेगळी आणि हातात आलेले युनिट वेगळे. सूर्य मावळतो, वारा पडतो. म्हणून प्रत्यक्ष विजेत कोळशाचा वाटा अजून ७० टक्क्यांच्या आसपास आहे. म्हणजे अजून कितीतरी सौर पॅनेल लागणार. ती आभाळात टांगता येत नाहीत. ती मांडायला जमीन लागते, आणि जमीन आपली आहे.

भाड्याचे गणित

आता वही काढा. राज्याच्या सौर कृषी वाहिनी योजनेत जमिनीचे भाडे हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार, म्हणजे एकरी सुमारे ५० हजार धरले आहे. कोरडवाहू रानात एकरी ५० हजार सुटतात कोणाला? पहिल्या वर्षी हा आकडा गोडच लागतो. पण वाढ आहे मूळ रकमेवर ३ टक्के, सरळ, चक्रवाढ नाही. पंचविसाव्या वर्षी भाडे होईल ८६ हजार. महागाई वर्षाला ६ टक्के धरली तर आज ५० हजारांत येणारी वस्तू तेव्हा २ लाखांना पडेल. म्हणजे नातवाच्या हाती पडणाऱ्या भाड्याची किंमत आजच्या निम्म्याहूनही कमी.

दुसरी बाजू बघा. एका मेगावॉटला चार एकर धरा. वर्षाला वीज १५ लाख युनिट धरा, दर युनिटला ३ रुपये. विक्री झाली ४५ लाखांची. जमीनमालकाला त्यातले २ लाख. भांडवल प्रकल्पवाल्याचे, कर्ज त्याचे, दुरुस्ती त्याची, हे मान्य. पण शंभरातले पाचही रुपये जमिनीला नाहीत, हे ठाऊक असल्याशिवाय बोलणीला बसू नये.

शेतकरी फक्त भाडेकरीच होऊ शकतो असे कोणी सांगेल. जर्मनीत २००० सालच्या कायद्याने सौर आणि वाऱ्याच्या विजेला २० वर्षांचा दर बांधून दिला. शेतकऱ्यांनी गोठ्यांच्या छपरावर पॅनेल बसवली, पवनचक्क्यांत भाग घेतले, आणि अशा वीजक्षमतेचा सुमारे दहावा हिस्सा त्यांच्या मालकीचा झाला. भाव खात्रीचा असला की शेतकऱ्याला उद्योग शिकवावा लागत नाही.

फार लांब जायला नको. गुजरातेत खेडा जिल्ह्यातल्या ढुंडी गावी २०१६ मध्ये सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप चालवून उरलेली वीज ते वीज कंपनीला विकू लागले. यात पाण्याचाही फायदा आहे. पंप फुकट चालला की विहीर आटेपर्यंत चालतो. युनिटला पैसे मिळाले की माणूस पाण्याची पाळी मोजून देतो. आपल्याकडच्या एकट्या सौर पंपाला ही सोय नाही. पाणी नको असते त्या दिवसांत त्याचे ऊन वाया जाते.

आपले म्हणणे

जो जास्त वापरतो त्याने जास्त द्यावे. ज्याचे नुकसान झाले त्याला भरपाई मिळावी, कर्ज नव्हे. नवे तंत्र हवे, पण आमच्या अटींवर. भारत सरकार हे परिषदांमध्ये म्हणते आणि आपण त्याच्या पाठीशी आहोत. मग तोच न्याय तालुक्याच्या कचेरीतही लागला पाहिजे.

म्हणून या बैठकीत आपण ठरवू. जमीन विकायची नाही, द्यायचीच तर भाड्याने. भाडेवाढ महागाईशी जोडलेली हवी. करार मराठीत आणि नोंदणी केलेला हवा. आपली जमीन गहाण टाकून कोणी कर्ज काढणार नाही आणि मुदत संपल्यावर लोखंड-काँक्रीट काढून रान मोकळे करून देईल, हे त्यात लिहिलेले हवे. आधी पडीक, मग कोरडवाहू. ओलिताच्या रानाला हात नको. गायरानावर प्रकल्प येणार असेल तर तिथे शेळ्या चारणाऱ्या भूमिहीनाचे आधी ग्रामसभेत ऐकावे. ज्या गावच्या उन्हाची वीज, त्या गावच्या पंपांना ती दिवसा मिळावी. साप आणि बिबट्याच्या भीतीने रात्री दारे धरणे पुरे झाले. आणि केंद्राच्या कुसुम योजनेत शेतकऱ्यांच्या गटाला अर्धा ते दोन मेगावॉटचा स्वतःचा प्रकल्प उभारता येतो, त्याला परवडणारा दर आणि बँकेचे कर्ज मिळावे.

पुढच्या बैठकीपर्यंत प्रत्येक तालुक्याने आपल्या गावांत आलेल्या करारांच्या प्रती गोळा कराव्यात. सही झाली असेल तरी आणा, झाली नसेल तर आणल्याशिवाय करू नका. एकेकटा बसला तर कागद त्यांचा असतो. गाव एकत्र बसले की कागदावर आपलीही ओळ चढते.