जिऱ्याचें गोत्र

फोडणींत तडतडणारें जिरें श्रोत्यांपैकीं कोणास ठाऊक नाहीं? परंतु त्याचें रोप पाहिलेलीं माणसें महाराष्ट्रांत थोडींच. हें पीक मूळचें भूमध्यसमुद्राच्या पूर्वेकडील. भारतांत तें वाढतें मुख्यतः गुजरात व राजस्थानच्या कोरड्या हवेंत. नोव्हेंबरांत पेरणी, फेब्रुवारी-मार्चांत काढणी. रोप अतिशय नाजूक, आणि त्याचा वैरी मातींतच दडलेला. मर रोगाची बुरशी जमिनींत वर्षानुवर्षें जिवंत राहते. गुजराती शेतकरी या रोगास 'सुकारो' म्हणतो. फुलोऱ्याच्या वेळीं आभाळ भरून आलें, कीं करपा पडतो, तो निराळाच. मग उभें शेत कांहीं दिवसांत काळवंडतें.

गुजरातेंतील जगुदणच्या संशोधन केंद्राचा 'गुजरात जीरू-४' हा वाण मर रोगास पुष्कळ अंशीं तोंड देतो, म्हणून तो दूरवर पसरला. पण खरें संकट येथेंच आहे. एकच वाण गांवोगांव झाला, म्हणजे जुनीं बियाणीं कणगींतून नाहींशीं होतात. उद्यां बुरशीनें रूप पालटलें, तर नवी ताकद आणावयाची कोठून? जिऱ्याचें फूल इतकें बारीक, कीं हातानें संकर करणें फार जिकिरीचें. तेव्हां मुख्य भिस्त निवडीवर. आणि निवडीला मुळांत विविधता हवी.

ती मोजतांना डोळे फसवितात. एकच बियाणें ओलाव्याच्या रानांत उंच वाढतें, हलक्या रानांत खुजें राहतें. म्हणून शास्त्रज्ञ कोवळ्या पानांतून डी. एन. ए. काढतात. १९९० सालीं पुढें आलेल्या 'रॅपिड' पद्धतींत दहा अक्षरांचा एक तुकडा त्यांत सोडतात. तो जवळजवळच्या दोन जागीं समोरासमोर चिकटला, कीं त्यांमधील भागाच्या असंख्य प्रती होतात. विजेच्या प्रवाहानें त्या थिजलेल्या अगरच्या थरांतून धांवतात. लहान पुढें, मोठ्या मागें. पट्टा उमटला तर १, नाहीं तर ०. या अंकांवरून कोणतें बियाणें कोणाचें सख्खें, कोणाचें चुलत, हें उमगतें.

पद्धत स्वस्त, पण लहरी. प्रयोगशाळा बदलली, कीं पट्टेही बदलूं शकतात. शिवाय पट्टा नातें सांगतो, रोगाशीं झुंजण्याचें बळ सांगत नाहीं. त्यासाठीं दूरच्या नात्याचीं बियाणीं निवडून बुरशीनें भरलेल्या वाफ्यांतच पेरावीं लागतात, आणि काढणीच्या दिवसांत जीं रोपें उभीं असतील, त्यांचेंच बीं पुढच्या हंगामासाठीं राखावें लागतें.