छातीतील धडधड आणि रजोनिवृत्ती
(महिला मेळाव्यातील भाषण)



इंग्लंडात येऊन आम्हांला अनेक वर्षे झाली. येथे आम्ही घरे उभी केली, मुले शिकविली. परंतु स्वतःच्या शरीराविषयी मोकळेपणाने बोलण्यास आम्ही अद्याप शिकलो नाही. पंचेचाळिशी ओलांडलेल्या आमच्यापैकी कित्येकींना मध्यरात्री एकाएकी जाग येते. छाती धडधडते, अंगातून वाफा निघतात, घामाने अंथरूण भिजते. सकाळी कोणी विचारलेच तर 'काही नाही' म्हणून आम्ही कामावर निघतो.

या धडधडीचे एक कारण रजोनिवृत्ती असू शकते. सलग १२ महिने पाळी आली नाही, म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे मानतात. ब्रिटनमध्ये तिचे सरासरी वय ५१ आहे. भारतीय स्त्रियांत ती सामान्यतः काही वर्षे आधीच येते. त्यापूर्वीच्या काळात ईस्ट्रोजेन या संप्रेरकाचे प्रमाण खालीवर होते व अखेर घटते. शरीराची उष्णता आणि हृदयाची गती सांभाळणाऱ्या मज्जासंस्थेवर त्याचा परिणाम होतो. म्हणूनच अंगात वाफ उसळते तेव्हा ठोकेही वाढतात.

परंतु प्रत्येक धडधड वयाच्या माथी मारणे धोक्याचे आहे. रक्तक्षय, थायरॉईडचा विकार किंवा हृदयाची अनियमित लय यांचेही हेच लक्षण असते. शिवाय आम्हां दक्षिण आशियाई लोकांत हृदयविकार व मधुमेह यांचे प्रमाण अधिक आहे. तेव्हा डॉक्टरांकडून नाडी, ईसीजी व रक्त तपासून घ्यावे. धडधडीसोबत छातीत दुखले, दम लागला किंवा शुद्ध हरपली, तर सकाळची वाट न पाहता ९९९ ला फोन करावा.

आणखी एक गोष्ट. इंग्रजी येत नाही म्हणून आम्ही मुलाला दुभाषी करून नेतो. मुलासमोर पाळीची गोष्ट कोणती आई बोलेल? अर्धे दुखणे सांगितले जाते, अर्धे तसेच घरी परत येते. राष्ट्रीय आरोग्य सेवेत दुभाषी विनामूल्य मिळतो. वेळ ठरवितानाच तो मागावा, स्त्री दुभाषी हवी असल्यास तसे सांगावे. धडधड केव्हा झाली, किती मिनिटे टिकली, शेवटची पाळी कधी आली, हे वहीत लिहून न्यावे.

बंधूंनो, घरातील स्त्री रात्री उठून बसली तर तिला विचारा. भगिनींनो, 'काही नाही' हे उत्तर आता आपण देऊ नये, एवढीच विनंती.

जयभीम.