माझ्या घरचा सरडा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी फोनवर विचारलं, "तू कशावर बोलणार? कॉम्प्युटरवर बोल, पोरांना मार्गदर्शन होईल." मी म्हटलं, कॉम्प्युटरवाले आपल्या बॅचमध्ये सहा-सात जण आहेत, मी सरड्यावर बोलते. पलीकडे बराच वेळ शांतता. मग उत्तर आलं, "बरं, पाच मिनिटं."

आपण सगळ्यांनीच सरड्याला दगड मारलेले आहेत, नाही म्हणू नका. कुंपणाच्या काटीवर बसून तो मान वरखाली करायचा आणि आपल्याला वाटायचं, हा आपल्याला वेडावतोय. मीही मारले. माझा नेम कधी लागला नाही, ही एक बरी गोष्ट.

आज माझ्या घरात सिअॅटलजवळ एक सरडा आहे. मुलगा अकरा वर्षांचा असताना हट्टाने आणला. ऑस्ट्रेलियातली जात, बिअर्डेड ड्रॅगन म्हणतात. गळ्याखाली काट्यांची दाढी असते, चिडला की ती काळी होते. ऑस्ट्रेलिया आपले प्राणी पाळण्यासाठी बाहेर विकू देत नाही, त्यामुळे अमेरिकेत मिळतात ते तिथेच पैदास झालेले. आपल्या बागेतला सरडा आणि हा एकाच कुळातले, म्हणजे चुलत भाऊच. जाता जाता सांगते, २०१६ साली आपल्याकडच्या पंखासारखा गळा फुगवणाऱ्या सरड्यांच्या एका गटाला शास्त्रज्ञांनी नवं नाव दिलं, ते 'सरडा' असंच. त्यातली एक जात साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावरची आहे. मला हे कळलं तेव्हा उगाच अभिमान वाटला.

मुलाने त्याचं इंग्रजी नाव ठेवलं होतं. आईने व्हिडिओ कॉलवर पाहिलं आणि म्हणाली, "अगं, हा तर गंपू." तेव्हापासून गंपू.

सात-आठ महिन्यांनी गंपूच्या पायाची बोटं थरथरायला लागली. मग मागचा एक पाय ओढत चालू लागला. जबडा हाताला रबरासारखा लागायचा. एक्स-रे काढला, तर पडद्यावर हाडं धुरासारखी पुसट. डॉक्टर बाईंनी सांगितलं ते मी मराठीत सांगते: त्याला मुडदूस झाला होता.

आपल्या बाईंनी पाठ करून घेतलेल्या 'जोड्या लावा' आठवतात? अ रातांधळेपणा, ब बेरीबेरी, क स्कर्व्ही, ड मुडदूस. चारपैकी चार गुण मिळाले होते मला. आणि घरात मी काय केलं होतं? त्याची काचेची पेटी खिडकीशी ठेवली, छान ऊन येतं म्हणून. ऊन यायचं, पण कातडीत ड जीवनसत्त्व तयार करणारे अतिनील किरण खिडकीची काच अडवते. वर लावलेला दिवा नुसती ऊब देणारा. ड नाही म्हणून खाल्लेलं कॅल्शियम आतड्यात शोषलं जात नाही. पण रक्तातलं कॅल्शियम तर कमी होऊन चालत नाही, नाहीतर स्नायू आणि हृदय बिघडतं. मग गळ्यातल्या ग्रंथी हाडांतून उचल करायला लागतात. रोज थोडी थोडी. बाहेरून काही दिसत नाही, आणि दिसतं तेव्हा तिजोरी रिकामी झालेली असते. माझ्या धंद्यात याला आम्ही फार वाईट प्रकारचा बग म्हणतो. कारण काम चालू असतं.

डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले. एक म्हणजे इंजेक्शन देऊन त्याला शांतपणे जाऊ देणं. दुसरा, औषध आणि शेक, पण वाकलेली हाडं सरळ होणार नाहीत, जन्मभर सांभाळावं लागेल. मुलगा बाजूला उभा होता. मी तीन आठवडे मागून घेतले. खरं सांगायचं तर दया कमी आणि अपराधीपणा जास्त होता.

मग सुरू झालं. सिरिंजने तोंडाच्या कडेला कॅल्शियमचं सरबत. अतिनील किरणांची खास नळी. ती वर्षभरात बदलायची, उजेड दिसत असला तरी, कारण उजेड टिकतो आणि किरण आटतात. पेटीच्या एका टोकाला ४० अंशांपर्यंत ऊन, दुसऱ्या टोकाला २५ ची सावली. खायला रातकिडे, त्यांना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवायचं, कारण रातकिड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी. पालक जपून, त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियमला धरून ठेवतं. हो, रातकिडे मी विकत आणते. सेलूत फुकट मिळाले असते.

चौथ्या आठवड्यात त्याने पोट जमिनीवरून उचललं. इंचभर. आम्ही तिघं जमिनीवर आडवे पडून बघत होतो.

आता जे सांगायला मी उभी राहिले ते. त्याच्या पुढच्या वर्षी आई न्हाणीघरात पडली. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, मी तीन आठवड्यांची रजा काढून आले आणि परत गेले. पुढचं सगळं भावाने आणि वहिनीने केलं. हाडं ठिसूळ, रक्तात ड जीवनसत्त्व अगदी कमी, असा रिपोर्ट. सेलूत! जिथे उन्हाने जीव नकोसा होतो तिथे. पण आई उन्हात असायची केव्हा? सडा घालताना पहाटे, तुळशीला पाणी घालताना सकाळी, ते कोवळं ऊन. सावली आपल्यापेक्षा लांब असते तेव्हा ते किरण फारसे खाली पोचतच नाहीत. बाकी दिवस स्वयंपाकघरात. गंपूची काच मला कळली होती, आईची भिंत नाही कळली.

एका नातेवाईक बाई तेव्हा म्हणाल्या, "आईला पाणी द्यायला इथं कोणी नाही, अन् ही तिकडं सरड्याला औषध पाजते." कोणी नव्हतं असं नाही, वहिनी होती. पण मी नव्हते. त्यांना मी तेव्हा उत्तर दिलं नाही, आणि आजही माझ्याकडे ते नाही.

एक मात्र झालं. हिवाळ्यात माझे सकाळचे सात म्हणजे आईचे रात्रीचे साडेआठ. मी गंपूला सिरिंज लावायची आणि फोनवर आई म्हणायची, "पाजलंस का त्याला? थांब, मी पण माझी गोळी घेते." कॅल्शियमची गोळी रोज आणि ड ची ६०,००० युनिटची पुडी डॉक्टरांनी सांगितली तितके आठवडे दुधातून. एकटीला तिला कंटाळा यायचा, पण "तो घेतो, मग मी घेते." गंपू तोंड फिरवायचा तेव्हा ती तिकडून रागवायची. वहिनी हसून हसून लोटपोट.

गंपू आता आठ वर्षांचा आहे. पाठीत पोक आहे, मागचा पाय अजून ओढतो. त्याची धाव कुंपणापर्यंत नाही, वाटीपर्यंत. मी इथे आहे तोवर मुलगा त्याचं औषध बघतो आणि रोज फोटो पाठवतो. आई ते फोटो माझ्याआधी उघडते.

आई आज इथे आली आहे, वॉकर घेऊन. मांडवातली खुर्ची सोडून ती बाहेर, साडेअकराच्या उन्हात बसली आहे, आणि तिथूनच मला हाताने खूण करतेय की पाच मिनिटं कधीच झाली.