नोहाचे तारू आणि पापाचा घडा

पापाचा घडा भरला, असे आपण मराठीत सहज बोलून जातो. घडा थेंबाथेंबाने भरत असतो तेव्हा तो कोणाच्या ध्यानी येत नाही. फुटल्यावर मात्र जो तो म्हणतो, हे होणारच होते. मांजरेच्या काठच्या भालकी तालुक्यात १९४८ सालची हकीकत निघाली, की ही उक्ती कोणाच्या ना कोणाच्या तोंडी येते. त्या वर्षी कोणाचा घडा भरला होता हे सांगावयास सगळेच तयार असतात. तो फोडण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न मात्र सहसा कोणी काढीत नाही. मनुष्याची दुष्टाई, देवाचा न्याय आणि एका माणसाचे मुकाट आज्ञापालन यांची जी प्राचीन कथा हिब्रू शास्त्राच्या पहिल्याच पुस्तकात आली आहे, ती नेमकी याच प्रश्नाला हात घालते.

जलप्रलयाची कथा आपल्याकडे नवी नव्हे. शतपथ ब्राह्मणात मनूच्या ओंजळीत लहानसा मासा येतो, मनू त्याला सांभाळून वाढवितो, आणि पुढे प्रलयाच्या वेळी तोच मासा मनूची नाव उत्तरेच्या पर्वताकडे ओढून नेतो. ही कथा मोठी गोड आहे. परंतु प्रलय का आला, हे ती सांगत नाही. बाबिलोनी लोकांचीही अशीच कथा होती. १८७२ साली लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये जॉर्ज स्मिथ याने मातीच्या विटेवरील लिपी वाचून ती उजेडात आणली, तेव्हा युरोपात मोठी खळबळ उडाली. त्याच प्रदेशातील दुसऱ्या एका जुन्या काव्यात प्रलयाचे कारण दिले आहे, ते असे, की माणसांची संख्या वाढली, त्यांचा गलबला वाढला आणि देवाची झोपमोड होऊ लागली. झोपमोडीसाठी जग बुडविणारा देव! हिब्रू लेखकासमोर अशाच कथा होत्या. पाणी, नाव, पक्षी सोडणे, डोंगरावर टेकणे, हे सारे त्याने ठेवले. कारण मात्र बदलले.

हे कारण कोणते? उत्पत्तीच्या सहाव्या अध्यायात ते दोनदा सांगितले आहे. पृथ्वी जुलमाने भरून गेली होती. मूळ हिब्रूत येथे जो ‘खामास’ हा शब्द आहे, त्यात मारहाण, लुबाडणूक, दुबळ्याच्या अंगावर धावून जाणे, हे सगळे येते. पूजेतील चूक, नैवेद्यातील कसूर किंवा देवाची झोपमोड, यांतील कशाचाही तेथे उल्लेख नाही. माणसाने माणसावर केलेला जुलूम एवढेच कलम आरोपपत्रात आहे. आणखी एक गोष्ट मूळ भाषा पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. पृथ्वी ‘बिघडली’ आणि देव तिचा ‘नाश’ करणार, या दोन्ही ठिकाणी हिब्रूत एकाच धातूची रूपे आली आहेत. माणसांनी जे सुरू केले होते तेच तडीस जाऊ देणे, असे या न्यायाचे स्वरूप आहे. शिवाय हा न्यायाधीश रागाने लाल झालेला नाही. आपण माणूस निर्माण केला याचा त्याला खेद झाला, तो मनात कष्टी झाला, असे शास्त्र म्हणते. शिक्षा देणाऱ्याला शिक्षेचे दुःख व्हावे, हा विचार त्या काळच्या कथांत विरळा होता.

मराठीत ही कथा फार लवकर आली. थॉमस स्टीफन्स हे इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू १५७९ साली गोव्यात उतरले. त्यांचे ओवीबद्ध ख्रिस्तपुराण १६१६ साली रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. त्याच्या पहिल्या भागात जुन्या कराराच्या कथा आहेत. हरिकथा ऐकण्यास सरावलेल्या कानांना आदाम, नोहा, अब्राहाम यांची ओळख ओवीच्या चालीवर झाली. तीनशे वर्षांनंतर पंडिता रमाबाईंनी केडगावास हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण शास्त्राचे मराठी भाषांतर केले आणि १९२२ साली मृत्यू येईपर्यंत ते काम हातावेगळे केले. कोकणातल्या बेने इस्राएल समाजाने तर या कथा कीर्तनात नेल्या. त्या समाजाची परंपरा सांगते, की नवगावजवळ गलबत फुटले आणि पाण्यातून वाचली ती सात जोडपी. ज्यांचा आरंभच असा, त्यांना नोहाची कथा परकी कशी वाटेल?

आता नोहाकडे वळावे. त्याला आज्ञा झाली ती सुताराला मोजमाप द्यावे तशी. लांबी तीनशे हात, रुंदी पन्नास, उंची तीस. तीन मजले, आतबाहेर डांबर, बाजूला दार. शीड, वल्हे किंवा सुकाणू यांचे नावही नाही. हिब्रूत या तारवासाठी ‘तेवा’ हा शब्द आहे, आणि साऱ्या शास्त्रात तो दुसऱ्या एकाच वस्तूसाठी आला आहे, तो म्हणजे तान्ह्या मोशेला नाईल नदीत ज्या पेटाऱ्यात ठेवले त्यासाठी. दोन्ही ठिकाणी आत बसणाऱ्याच्या हाती दिशा ठरविण्याचे साधन नाही. नोहाने सांगितल्याप्रमाणे सर्व केले, एवढेच शास्त्र सांगते. तो का म्हणून विचारीत नाही, तक्रार करीत नाही. वर्षाहून दहा दिवस अधिक तो तारवात राहिला, तरी तेथेही त्याच्या तोंडचा एक शब्द नोंदलेला नाही. तारवात शिरल्यावर दार लावले तेही त्याने नव्हे. ते परमेश्वराने बाहेरून बंद केले. वाचकाने येथे थोडे थांबावे. कोणाला आत घ्यावे आणि कोणावर दार लावावे, हा निवाडा नोहाकडे दिलेलाच नव्हता. त्याच्याकडे करवत, डांबर आणि जनावरांचा चारा एवढेच होते.

या मौनाविषयी यहुदी पंडितांत पूर्वीपासून दोन पक्ष आहेत. नोहा ‘आपल्या पिढीत’ नीतिमान होता, असे वचन आहे. एक पक्ष म्हणतो, अशा वाईट पिढीतही तो चांगला राहिला, म्हणून त्याची थोरवी अधिक. दुसरा म्हणतो, अब्राहामाच्या काळात तो असता तर त्याला कोणी विचारले नसते. कारण सदोम नगराचा नाश होणार असे कळताच अब्राहामाने देवाशी घासाघीस केली, पन्नास नीतिमानांपासून तो दहांपर्यंत आला. नोहाने शेजाऱ्यांसाठी एक शब्दही खर्चिला नाही. हा दुसरा पक्ष बिनतोड आहे असे म्हणावे लागते. ख्रिस्ती परंपरेलाही हे मौन खटकले असावे. पेत्राच्या पत्रात नोहाला नीतीचा उपदेशक म्हटले आहे, उत्पत्तीत मात्र त्याचा उपदेश कोठे सापडत नाही.

कथेचे खरे मर्म पाणी ओसरल्यानंतर येते. प्रलयापूर्वी देव म्हणाला होता, की माणसाच्या मनातील कल्पना नेहमी वाईटच असतात, म्हणून त्याला पुसून टाकीन. प्रलयानंतर तो जवळजवळ तेच म्हणतो: माणसाच्या मनातील कल्पना बाळपणापासून वाईट आहेत, म्हणून यापुढे असा नाश करणार नाही. कारण तेच, निर्णय मात्र उलट! पाण्याने माणूस धुतला गेला नाही. वाचलेल्या नोहानेच द्राक्षमळा लावला, मद्य पिऊन तो उघडा पडला, आणि शुद्धीवर आल्यावर त्याच्या तोंडून निघालेले पहिले नोंदलेले बोल शापाचे आहेत. बुडवून माणूस सुधारत नाही, हे शास्त्राने इतक्या लवकर, सहाव्यापासून नवव्या अध्यायापर्यंतच, सांगून टाकले आहे. मग ढगात धनुष्य ठेवले गेले. हिब्रूतला तो शब्द लढाईतल्या धनुष्याचा आहे. जे शस्त्र देवाने खाली ठेवले, ते माणसाने उचलू नये म्हणून त्याच ठिकाणी रक्ताचा नियमही घातला: माणसाच्या जिवाचा जाब प्रत्येकाच्या भावाजवळ मागितला जाईल, कारण माणूस देवाच्या प्रतिरूपाचा आहे.

भालकी तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानातील बिदर जिल्ह्यात होती. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे तालुकेही १९५६ पर्यंत त्याच जिल्ह्यात होते. १९४८ च्या मे महिन्यात याच जिल्ह्यातील गोर्टा गावी रझाकारांनी निरपराध गावकऱ्यांची कत्तल केली. सप्टेंबरच्या १३ तारखेस भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेस निजाम शरण आला. एवढी कथा दरवर्षी सांगितली जाते, आणि ती सांगितलीच पाहिजे. पुढची कथा फारशी सांगितली जात नाही. त्या शरणागतीनंतर खेड्याखेड्यांतून मुसलमानांच्या हत्या झाल्या. नेहरूंनी पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफार यांना चौकशीस पाठविले. बिदर, गुलबर्गा, उस्मानाबाद आणि नांदेड या चार जिल्ह्यांत सर्वाधिक अनर्थ झाला, असे त्यांनी लिहिले. मृतांचा त्यांचा अंदाज सत्तावीस ते चाळीस हजारांचा होता. मेलेल्यांतील बहुतेकांचा रझाकारांशी काही संबंध नव्हता. पण घडा भरला होता ना, मग तो कोणाच्याही डोक्यावर फोडावा! दोन्ही वेळी मारणाऱ्यांची भाषा निवाड्याचीच होती. उत्पत्तीतील शब्द वापरावयाचा तर दोन्ही वेळी झाला तो ‘खामास’च.

सुंदरलाल समितीचा अहवाल सरकारी कपाटात राहिला आणि २०१३ च्या सुमारास अभ्यासकांस पाहावयास मिळू लागला. त्यात या सगळ्या अंधारात एक निराळी नोंद आहे. काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर भावांना हल्लेखोरांपासून वाचविले, आणि ते करताना त्यांच्यातील काहींचे प्राणही गेले. पळविलेल्या स्त्रिया परत आणण्यास अनेक हिंदूंनी मदत केली, असेही त्यात आहे. अमुक माणूस दोषी की निर्दोष, याचा खल त्या विणकरांनी केला नसावा. शेजारचा माग ज्याचा, तो आत आला आणि दार लागले, एवढेच. नोहाने शेजाऱ्यांसाठी जे केल्याचे शास्त्रात नाही, ते त्यांनी केले. नोहाचे नाव, त्याचे वय, त्याच्या तारवाचे हात आणि मजले शास्त्राने मोजून लिहून ठेवले आहेत. विणकरांची नावे त्या नोंदीत नाहीत. त्यांची गावेही नाहीत.