आराखडा आणि माणूस
घर बांधण्यापूर्वीं नकाशा काढतात. तसाच सॉफ्टवेअरचाहि आराखडा आधीं काढावा, या हेतूनें 'यूएमएल' नांवाची चित्रभाषा १९९७ सालीं प्रमाण ठरली. ती प्रत्यक्ष वापरतो कोण? ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठांतील मेरियन पेट्रे यांनीं ५० व्यावसायिकांना हाच प्रश्न विचारला. २०१३ सालच्या त्यांच्या निबंधाप्रमाणें ३५ जण ती मुळींच वापरीत नव्हते. ११ जण सोयीपुरती वापरीत. चिन्हें समजून घेण्याचा भार आणि बदलत्या रचनेशीं आराखड्यांचा मेळ राखण्याची दगदग, हीं त्यामागचीं कांहीं कारणें. भाषा तर्कदृष्ट्या निर्दोष असली, तरी माणसाच्या बुद्धीला ती पेलते कीं नाहीं, हें रचनाकारांच्या खोलींत ठरत नाहीं; तें वापरणारांनाच विचारावें लागतें.