खोताची वाडी : एका वस्तीचा बोध



मंडळाच्या सभासदांसह आम्ही गिरगावातील खोताच्या वाडीस नुकतीच भेट दिली. हमरस्त्याचा कोलाहल मागे टाकून अरुंद गल्लीत शिरताच लाकडी ओसऱ्या, कौलारू छपरे व बाहेरून माडीवर जाणारे जिने दृष्टीस पडतात. अठराव्या शतकाच्या अखेरीस पाठारे प्रभू ज्ञातीच्या खोतांनी येथील जमीन तुकड्यातुकड्यांनी ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांस दिली. वस्ती त्यांची झाली. नाव मात्र खोताचेच राहिले. हा शेजारधर्म आम्हांस अनुकरणीय वाटला.

एके काळी येथे सुमारे ६५ जुनी घरे होती. आज त्यांतील निम्मीही उरलेली नाहीत. १९९५ साली मुंबईत वारसा-जतनाचे नियम झाले व त्यांचे संरक्षण वाडीसही लाभले. परंतु वारसदार वाढतात, लाकूड जीर्ण होते, दुरुस्तीचा खर्च एकट्यास पेलत नाही आणि अखेर घर विकले जाते. कायदा पाडकामास अटकाव करील. घर झाडून तेथे सांजवात लावण्याचे काम राहणाऱ्यांचेच आहे.

म्हणून ज्यांची वडिलोपार्जित घरे सामाईक आहेत, त्यांनी दुरुस्तीची वर्गणी भावाभावांत आजच ठरवावी, एवढीच आमची नम्र विनंती.