‘दुविधा’ ते ‘पहेली’



ज्या गुरुजींच्या स्मरणार्थ आपण जमलो आहोत, ते वेताळाची गोष्ट ऐन रंगात आली की थांबत आणि निवाडा मुलांवर सोपवीत. आज मीही एका भुताचाच खटला आपल्यापुढे ठेवतो.

विजयदान देथा यांची ‘दुविधा’ ही राजस्थानी कथा. व्यापाऱ्याचा मुलगा लग्न होताच बायकोला मागे ठेवून पाच वर्षांसाठी परगावी जातो. तिच्यावर भाळलेले भूत त्याचे रूप घेऊन घरी येते. रोज मोहरा हाती पडू लागल्यावर, मुलगा अवेळी कसा परतला याची चौकशी करण्याची सासऱ्याला निकड भासत नाही. देथांचा विनोद हा असा, हिशेबाच्या वहीत दडलेला. अंधारही त्याच वहीतून येतो. भूत मात्र वधूला सारे खरे सांगते. तिची इच्छा विचारणारा पहिला पुरुष, आणि तो माणूसच नव्हे!

१९७३ साली मणि कौल यांनी या कथेवर चित्रपट केला. तो मितभाषी आहे. पात्रे जणू चित्रात गोठलेली. अखेरीस धनगर भुताला चामड्याच्या पिशवीत कोंडतो आणि वधू नवऱ्यापाशी उरते.

२००५ साली आपले अमोल पालेकर यांनी त्याच कथेची ‘पहेली’ केली. येथे भाष्य आणि विनोद दोन कठपुतळ्यांकडे गेला, शृंगाराला गाणी मिळाली आणि शेवट पालटला. पिशवीतून सुटलेले भूत नवऱ्याच्याच देहात शिरते. प्रेक्षक सुखावतात. मी मात्र अस्वस्थ झालो. त्या किसनलालचे काय झाले? एक माणूस स्वतःच्याच देहातून हद्दपार झाला आणि त्याच्यासाठी कोणाच्या डोळ्यांत पाणी नाही! अंधार नाहीसा झालेला नाही; तो केवळ वधूवरून नवऱ्यावर सरकला आहे, आणि प्रणयाच्या झगमगाटात तो आपल्याला दिसत नाही. कठपुतळ्यांची थट्टामस्करीही त्याला हातभारच लावते. म्हणून मला कौल यांचा निष्ठुर शेवट अधिक प्रामाणिक वाटतो.

त्या वर्षी येथेच, ग्वाल्हेरला, वर्गात मी हे मोठ्या आवेशाने मांडले. मागच्या बाकावरची एक विद्यार्थिनी उठून म्हणाली, “सर, पण तिला सोडून जाताना किसनलालने तरी तिला कुठे विचारले होते?”

घंटा व्हायला अजून अवकाश होता. मी हजेरीपट उघडला.